पाटीवरचा हुकूम

ताईकडे येणारी माणसं सहसा रडत येत आणि बोलता बोलता शांत होत. नर्सबाई आल्या त्या शांतच होत्या. त्यांच्या हातात लाकडी चौकटीची शाळेची पाटी होती, आणि वरची खडूची अक्षरं पुसू नयेत म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत जपून घातलेली होती.

"माझ्या वडिलांना कुणी मारलं ते शोधून द्या, बाई," त्या म्हणाल्या. "आज दुपारी चार वाजता फौजदार माझा जबाब घेणार आहेत. एकदा मी सही केली की तिथल्या कामावरच्या वॉचमनवर खटला उभा राहतो. पण तो एकटा नसणार. त्याच्यामागं कोण आहे, ते चारच्या आत कळलं पाहिजे."

घड्याळात साडेनऊ वाजले होते. मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चित्रकलेची वही पुढं ओढली. मास्तर म्हणजे ताईचे धाकटे भाऊ. तीस वर्षं त्यांनी पोरांना फुलदाणी काढायला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर बहिणीच्या मागं तपासाला हिंडायला लागले. आपण ताईच्या अर्ध्यानंही हुशार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण नकाशा काढावा तर आपणच, असाही त्यांचा समज होता.

ताई कोर्टात लघुलेखिका होती. उभा जन्म दुसऱ्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवण्यात गेलेला. खोटं बोलताना माणूस शब्द जपून वापरतो, खरं बोलताना निष्काळजीपणानं. म्हणून खऱ्याकडे जास्त लक्ष द्यावं, असं ती म्हणायची.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "आणि शब्दशः."

नर्सबाईंचे वडील रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज रुळावरून चालायचं, सैल झालेली चावी दिसली की ठोकून घट्ट करायची, हे त्यांचं काम. डोंगरावरच्या दगडखाणींपासून उतरत उतरत खाली मोठ्या स्टेशनापर्यंत जाणारी ती लाईन अठरा वर्षांपूर्वी बंद पडली. बाबा मात्र बंद पडले नाहीत. मधल्या फाटकाजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि रोज सकाळी लाईनवर फेरी मारायचे. आता रूळ उचलून तिथं चालण्याचा आणि सायकलींचा रस्ता करत होते, तरी बाबांची फेरी चुकली नाही.

"क्वार्टरच्या दोन्ही अंगांना एकेक पूल आहे," नर्सबाई म्हणाल्या. "सोमवारी त्यातल्या वरच्या पुलाचे स्लीपर, रुळांखालचे लाकडी ओंडके, काढले. मंगळवारी सकाळी बाबा तिथूनच खाली रस्त्यावर पडले. पण मी त्यांना सांगून ठेवलं होतं! त्यांना ऐकू येत नाही, म्हणून आमचं सगळं या पाटीवर चालायचं. मी साडेपाचला ड्यूटीवर गेले, ते ही लिहून."

पाटीवर ठसठशीत अक्षरं होती.

*अपचा पूल उघडा केलाय. अपला जायचं नाही. फिरायचं तर डाउनला जा.*

खाली थरथरत्या हातानं लिहिलेलं: *वाचले. हुकमाप्रमाणे. ६.१०*

"रेल्वेची सवय," नर्सबाई म्हणाल्या. "लेखी हुकूम वाचला की खाली सही. मी तोंडानं, खुणेनं हजार गोष्टी सांगाव्यात, एक ऐकायचे नाहीत. पण लिहिलेलं कधी मोडलं नाही. मग ते वर गेले कसे, बाई? कुणीतरी नेल्याशिवाय?"

"कुणी ध चा मा तर नाही ना केला?" मास्तरांनी पाटी उजेडात धरली.

"अक्षर सगळं तुमचंच?" ताईनं विचारलं.

"काना-मात्रेसकट."

"'अप', 'डाउन' हे तुमचे नेहमीचे शब्द?"

पहिल्यांदाच नर्सबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "नाही. मी मावशीकडे वाढले. लग्न, संसार सगळं दुसऱ्या गावाला. नवरा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी बाबांकडे आले. दोघं एका घरात, पण पाहुण्यांसारखे. मग मला वाटलं, आपणच त्यांच्या भाषेत लिहावं. बरं वाटेल त्यांना."

मास्तर आठवू लागले, की आपण ताईला शेवटचं काही बरं वाटेलसं कधी बोललो होतो. आठवलं नाही.

---

लाईनवर खडी काढून मुरूम पसरला होता. अर्ध्या रस्त्याला सायकलींसाठी लाल रंग दिलेला, अर्धा अजून ओला. मास्तरांनी क्वार्टरच्या पायरीवर बसून नकाशा काढला. कागदाच्या माथ्यावर डोंगर, तळाशी मोठं स्टेशन आणि त्याला लागून बाजार, मध्ये क्वार्टर, दोन्हीकडे पूल आणि प्रत्येक पुलाआधी जाळीचं दार. मग वळणदार अक्षरांत त्यांनी डोंगराकडे 'अप' लिहिलं आणि स्टेशनाकडे 'डाउन'.

"सुरेख," ताई नकाशाकडे बघत म्हणाली. ती बराच वेळ बघत राहिली. मास्तर फुलून गेले.

प्रकल्पाचा इंजिनिअर तरुण होता. तीन रात्री झोपला नसावा, कारण शर्टाची बटणं एक घर चुकली होती.

"मी सोमवारी संध्याकाळी फोन केला होता नर्सबाईंना," तो म्हणाला. "म्हटलं, वरचा पूल उघडा केलाय, बाबांना तिकडे पाठवू नका."

"'वरचा' म्हणालात?"

"वरचाच. वर आहे ना तो."

"उघड्या पुलापुढं आडकाठी?"

त्यानं मान खाली घातली. "लोखंडी कठडा दुसऱ्या दिवशी आठला येणार होता. खालच्या रस्त्यावर माती पडू नये म्हणून रात्रीपुरती राखाडी ताडपत्री ताणून बांधली होती. धुक्यात ती रस्त्यासारखीच दिसते. दाराला कुलूप होतं, म्हणून मी निर्धास्त राहिलो."

"दारावर पाटी?"

"'काम चालू, प्रवेश बंद.' दोन्ही दारांवर सारखीच. चार महिन्यांपासून."

"म्हणजे ती आता कुणी वाचत नसणार," ताई म्हणाली.

वरच्या दाराला लागून गॅरेज होतं. गॅरेजवाल्याचं शेड रेल्वेच्या जागेत येत होतं आणि रस्ता झाला की पाडलं जाणार होतं. त्यानं गेल्या महिन्यात भर सभेत "एखादा मेल्याशिवाय हे काम थांबणार नाही" असं म्हटलं होतं. ते आता सगळ्या वस्तीला तोंडपाठ होतं.

"म्हटलं होतं," त्यानं हात पुसत कबूल केलं. "जिभेला हाड नाही माझ्या. पण म्हातारा माझा दोस्त होता. मंगळवारी सव्वासहाला इथून गेला. मी हात केला, तर थांबला, आणि म्हणाला, 'आज हुकमानं चाललोय.' खुशीत होता. कधी नव्हे ते हसला."

"कुणाचा हुकूम, विचारलंत?"

"बहिऱ्याला काय विचारणार, कपाळ? पूल उघडा केलाय हे मला माहीत असतं, तर मी पाय धरून बसवला असता त्याला. ताडपत्री वळणापलीकडे. इथून दिसत नाही." त्यानं जाळीच्या दाराकडे बोट दाखवलं. "कुलूप उघडलं, आत गेला, दार ओढून घेतलं. नेहमीसारखंच."

मास्तरांनी ताईला बाजूला ओढलं. "हुकमानं चाललोय! म्हणजे पाटीवरचा हुकूम कुणीतरी बदलला. तोंडी नाही, चिठ्ठीनं. आणि चिठ्ठी देणारा हाच."

"चिठ्ठी कुठाय?"

"फाडली."

"असेल," ताई म्हणाली. तिला पटलं नव्हतं, एवढं मास्तरांनाही कळलं.

---

वॉचमन बाजारामागच्या पोलीस चौकीत बाकावर बसला होता. बायको बाहेर पायरीवर डबा घेऊन बसली होती. डब्याला कुणी हात लावला नव्हता.

"किल्ली मीच दिली त्यांना," त्यानं न विचारताच सांगून टाकलं. "दोन्ही दारांना एकच किल्ली लागते. म्हातारा माणूस, जन्म गेला त्या लाईनीवर, त्याला मी कोण अडवणार? मंगळवारी मी पाणी भरायला गेलो होतो. पंधरा मिनिटं, बाई. फौजदार म्हणतात, पैसे खाऊन दार उघडं ठेवलंस. आता माझं कोण ऐकणार?"

"बाबा बोलायचे तुमच्याशी?"

"एखाददुसरा शब्द." वॉचमनला त्याही स्थितीत हसू आलं. "बाजाराला निघाले की पिशवी दाखवायचे आणि म्हणायचे, 'आपला जाऊन येतो.' मला वाटायचं, काय नम्र माणूस! राजा असल्यासारखा चालतो आणि म्हणतो, आपला जाऊन येतो. पिशवी नसली की नुसतं चालायला लागायचे."

ताईची पेन्सिल क्षणभर थांबली. "'आपला' म्हणायचे? नीट ऐकलंत?"

"दात नव्हते त्यांना. मला तरी तसंच ऐकू यायचं."

फौजदारांनी बाबांच्या खिशातल्या वस्तू दाखवल्या. किल्ली, चष्मा, आणि दोऱ्यानं बांधलेली छोटी वही. वहीत रोजच्या फेरीची नोंद होती. शेवटच्या पानावर मंगळवारची तारीख, आणि पुढं: *६.२०. डाउन. हुकमाप्रमाणे. दार, कुलूप ठीक.*

मास्तर खुर्चीतून उठलेच. "बघ! डाउनला निघाले होते, आणि सापडले वर. म्हणजे वाटेत कुणीतरी फिरवलं. आता तरी पटलं?"

"म्हातारा हट्टी होता, बस्स," फौजदार म्हणाले. "हुकूम वाचला, सही केली, आणि गेला तिकडंच. सगळेच म्हातारे तसे. पण मुलीची तक्रार आहे, तर मला वॉचमनला धरावंच लागतं. तिनं जबाब दिला की माझ्या हातात काही राहत नाही."

ताई वहीची पानं मागं उलटत होती. एकेक करून.

"बाजाराचे वार कुठले हो इथं?" तिनं विचारलं.

"बुधवार आणि शनिवार. का?"

"सहज," ताई म्हणाली. मास्तर तिला साठ वर्षं ओळखत होते. तिनं सहज असं आयुष्यात काही विचारलेलं नव्हतं. पण तिचा चेहरा पाहून त्यांनी पुढं विचारलं नाही. गुन्हेगार सापडला की ताईचे डोळे लकाकायचे. आज ते विझल्यासारखे दिसत होते.

चौकीतून बाहेर पडल्यावर ती रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या नव्याकोऱ्या बाकावर बसली. बाकाचा रंग अजून चिकट होता.

"कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"कळलं."

"मग चल की."

"अरे, जाऊन सांगू काय?" ताई म्हणाली. "सांगितलं तर एक माणूस मरतो, नाही सांगितलं तर दुसरा. तीन वाजलेत. तिसरी वाट दिसत असली तर तू काढ तुझ्या नकाशात."

मास्तरांना दिसली नाही. त्यांना अजून पहिलीही दिसलेली नव्हती.

---

क्वार्टरच्या पुढल्या खोलीत बाबांचा हातोडा खुंटीला टांगलेला होता, त्याखाली पाटीची मोकळी खुंटी. नर्सबाईंनी चौकीत जायची साडी नेसली होती. पाटी मांडीवर होती.

"नाव सांगा," त्या म्हणाल्या.

"नर्सबाई, माझं ऐकाल?" ताई म्हणाली. "हा अपघात आहे. कुणाच्या मनात पाप नव्हतं, याची मी खात्री देते. तक्रार मागं घ्या. कारण विचारू नका."

"कारण न विचारता?" नर्सबाईंचा आवाज चढला. "चार दिवस लोक मला सांगतायत, म्हातारा हट्टी होता, जाऊ दे. बाबांनी लेखी हुकूम मोडला हे मी कसं मानू? वॉचमन नाही तर कोण ते सांगा. नाहीतर मी निघाले सही करायला."

ताईनं मास्तरांकडे पाहिलं. त्या नजरेत मदतीची याचना होती. तिची अशी नजर मास्तरांनी कधी पाहिली नव्हती.

"बाबांनी हुकूम मोडला नाही," ताई सावकाश म्हणाली. "तिथूनच मी सुरुवात केली. तुमचं खरं मानलं, की हा माणूस लिहिलेलं मोडत नाही. मग कुणी फसवून नेलं का? गॅरेजवाल्याला म्हणाले, हुकमानं चाललोय. दार उघडलं, स्वतःच ओढून घेतलं, आणि वहीत लिहिलं, डाउन, हुकमाप्रमाणे. कुणी मागं लागलेला, घाई केलेला माणूस दार ओढून नोंद करत बसत नाही. ते शांतपणे, खुशीत, हुकूम पाळत चालले होते."

"पण डाउन लिहिलं आणि गेले वर!" मास्तरांना राहवेना.

"आता बाजाराचं बघा. वॉचमनला ते म्हणायचे, 'आपला जाऊन येतो.' पिशवी असली तरच. तुम्हालाही म्हणत असतील?"

नर्सबाईंनी मान डोलावली. "दर बुधवारी. दारातून. मला हसू यायचं."

"'आपला' नव्हे ते. दात नसलेल्या माणसाचं 'अपला'. त्यांच्या वहीत प्रत्येक बुधवारी आणि शनिवारी लिहिलंय, *अप*. एकदाही चुकलेलं नाही. आणि बाजार आहे मोठ्या स्टेशनाशेजारी."

मास्तरांचा हात नकाशाच्या वहीकडे गेला.

"रेल्वेवाल्यांचा अप म्हणजे चढ नव्हे," ताई म्हणाली, आणि आता ती जमिनीकडे बघत होती. "मुख्य स्टेशनाकडे जाणारी दिशा ती अप. मग ती उताराची का असेना. तिथून लांब जाणारी ती डाउन, मग ती डोंगर का चढेना. या लाईनीवर अप खाली आहे, आणि डाउन वर."

मास्तरांनी वही उघडली. डोंगराच्या माथ्यावर, त्यांच्या सुरेख अक्षरांत, 'अप' लिहिलेलं होतं.

"माझ्या भावानंही तेच केलं," ताई म्हणाली. "मीही केलं असतं. नकाशा पाहताना एवढंच वाटलं, की 'अप' वर लिहिलंय ते आपल्याला बरोबर वाटतं, पण बाबांना वाटलं असतं का? अप म्हणजे वर, एवढं इंग्रजी सगळ्यांनाच येतं. इंजिनिअर फोनवर म्हणाला, वरचा पूल. आणि तुम्ही..."

"मी त्यांच्या भाषेत लिहिलं," नर्सबाई म्हणाल्या.

मास्तर खिडकीकडे वळले. आपण इथं नसावं, असं त्यांना फार वाटलं. ध चा मा कुणी केला असं त्यांनीच सकाळी विचारलं होतं.

"फिरायचं तर डाउनला जा," नर्सबाईंनी पाटी वाचली. त्या ती पहिल्यांदाच वाचत असाव्यात तशी, एकेक शब्दावर बोट ठेवून. "मी पाठवलं त्यांना. दुसरं कुणी नाही."

"दोष वाटायचा तर सगळ्यांना पुरेल एवढा आहे," ताई घाईनं म्हणाली. "कठडा आठला येणार होता. वॉचमननं किल्ली द्यायला नको होती. ताडपत्री, धुकं, बाबांचे डोळे. यातलं एक जरी नसतं..."

पण ते बोलणं पोकळ होतं, आणि ते तिलाही कळत होतं. मास्तरांना वाटलं, आपण उठून काहीतरी करावं, पाणी आणावं. स्वयंपाकघर कुठं आहे तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

नर्सबाईंनी खालच्या ओळीवर बोट टेकवलं. *वाचले. हुकमाप्रमाणे.*

"ते हसले, म्हणाला गॅरेजवाला?"

"हो. कधी नव्हे ते."

"अप-डाउन लिहिलं म्हणून असेल." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "म्हणजे बाबांनी माझं ऐकलं होतं."

"शब्दशः," ताई म्हणाली, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

पावणेचार झाले होते. नर्सबाई उठल्या. त्यांनी पाटी पुसली नाही. हातोड्याखालच्या मोकळ्या खुंटीला टांगली.

"वॉचमनची बायको चौकीच्या पायरीवर बसली असेल ना अजून?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून," मास्तर म्हणाले.

तिघं बाहेर आले. समोर नवा रस्ता दोन्हीकडे गेलेला होता, एका बाजूला चढत, एका बाजूला उतरत. लाल रंग आता सुकला होता आणि कुणीतरी पहिली सायकल त्यावरून नेली होती. नर्सबाई कडेला येऊन थांबल्या. दोन वर्षं रोजची पायाखालची वाट, पण त्यांचा पाय उचलेना.

"चौकी..." त्या म्हणाल्या. "अपला ना?"

मास्तरांनी उताराकडे हात केला.

"हो," ते म्हणाले. "अपला."